महाधमनीचा ताणाबाणा

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर ‘विकर’ हा शब्द लिहिला की मुलं त्याचा संबंध लगेच पोटाशी जोडतात. लाळेतलं टायलिन, जठरातलं पेप्सिन, स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन. भाकरीचा तुकडा बराच वेळ चावत राहिलं की गोड लागतो, हे मी दरवर्षी करून घेतो आणि दरवर्षी वर्गात एकच गलका होतो. विकरं अन्नाचे तुकडे करतात, ही झाली पुस्तकातली गोष्ट. पण हीच जातकुळी आपल्या शरीराचेही तुकडे करत असते, रात्रंदिवस करत असते, आणि करते म्हणूनच आपण वाढतो, जखमा भरतात, हाडं सांधतात. हा भाग शाळेच्या पुस्तकात नाही. मला तो मामूंच्या पोटाच्या सोनोग्राफीमुळे शोधून वाचावा लागला.

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे मोठे भाऊ. वय ७१. मालेगावात पॉवरलूमवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आधी कारीगर, मग जॉबर, आणि शेवटी कर्ज काढून घेतलेले स्वतःचे चार साचे. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसांसारखेच ते मोठ्याने बोलतात आणि समोरच्यानेही मोठ्याने बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. बीडी चौदाव्या वर्षापासून. लघवीला त्रास होऊ लागला म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. प्रोस्टेट वाढलेलं निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रिपोर्टच्या तळाशी आणखी एक ओळ होती, ती कुणी वाचून दाखवली नाही. कागद तीन आठवडे गादीखाली पडून होता. मग मामेभावाने त्याचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, ‘तू सर आहेस ना, बघ जरा.’

त्या ओळीत लिहिलं होतं की पोटातल्या महाधमनीचा व्यास ४.६ सेंटीमीटर आहे.

पोटात ती साधारण २ सेंटीमीटर असते. ३ च्या पुढे गेली की तिला अॅन्युरिझम म्हणतात, म्हणजे धमनीचा फुगवटा. मामूंची दुपटीहून जास्त फुगली होती. आणि मामू रोज साचे सुरू करायला जात होते, सायकलवर कांड्यांची गोणी लादून आणत होते, त्यांना काहीही होत नव्हतं. हाच या आजाराचा स्वभाव. दुखत नाही, खुपत नाही, दम लागत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो दुसऱ्याच कशासाठी केलेल्या तपासणीत सापडतो, किंवा मग फुटल्यावर कळतो. फुटल्यावर दहातले आठ जण वाचत नाहीत, आणि त्यातले बरेच तर दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत.

मामूंना हे कसं सांगायचं हा प्रश्न होता. मी गेलो, चहा झाला, रिपोर्ट समोर ठेवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दर्द तो है नहीं. फिर बीमारी कैसी?”

त्यांना पटेल असं उत्तर त्यांच्याच धंद्यात होतं. हृदयातून निघणारी ही नळी छातीत कमान घेऊन मणक्याच्या पुढून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास तिला दोन्ही पायांकडे जाणारे दोन फाटे फुटतात. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा तिच्यात रक्त ढकलतं. प्रत्येक धक्क्याला ती थोडी फुगते आणि परत आपल्या मापावर येते. रबरी पाइप इतके हिसके किती दिवस सोसेल? महाधमनी सत्तर-ऐंशी वर्षं सोसते, कारण तिच्या भिंतीचं कापड तसं विणलेलं असतं. त्यात दोन प्रकारचे धागे. इलॅस्टिन हा ताणला जाऊन परत येणारा धागा, त्याच्या पदरावर पदर चढवलेले असतात. आणि कोलॅजेन हा न ताणणारा, चिवट धागा. तो ढिला पडून असतो आणि भिंत फार ताणली गेली की मगच ताठ होऊन तिला धरून ठेवतो. पहिल्याने लवायचं, दुसऱ्याने फाटू द्यायचं नाही.

यातलं कोलॅजेन शरीर आयुष्यभर नवं बनवू शकतं. इलॅस्टिनचं तसं नाही. ते आईच्या पोटात आणि लहानपणी विणलं जातं, मोठेपणी नवं असं जवळजवळ बनतच नाही. म्हणजे मामूंच्या महाधमनीतलं इलॅस्टिन त्यांच्या लहानपणचं आहे, त्यांनी बीडी हातात धरण्याच्या आधीचं. शिवाय छातीतल्या भागापेक्षा पोटातल्या भागात या पदरांची संख्या मुळात कमी असते. फुगवटा बहुतेक वेळा मूत्रपिंडांच्या खालच्या भागातच का येतो, याच्या कारणांपैकी हे एक.

मामूंनी विचारलं, “बाना कटता कैसे है?”

इथून विकरांची गोष्ट सुरू होते.

१९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या दोघांना एक साधा प्रश्न पडला होता. बेडकाचं पिल्लू मोठं होतं तेव्हा त्याची शेपटी जाते कुठे? ती गळून पडत नाही, आतल्या आत विरघळते. शेपटीत कोलॅजेन भरपूर, आणि कोलॅजेन सहजासहजी तुटत नाही. मग त्याला तोडतं कोण? त्यांनी कोलॅजेनची जेली तयार केली आणि तिच्यावर शेपटीच्या जिवंत पेशींचे तुकडे ठेवले. तुकड्यांभोवतीची जेली विरघळत गेली. पेशी काहीतरी सोडत होत्या, आणि ते काहीतरी म्हणजे कोलॅजेन कापणारं विकर होतं. पुढे त्याची भावंडं सापडत गेली. माणसात आता अशी वीसहून जास्त माहीत आहेत. त्यांच्या घराण्याचं नाव मेटॅलोप्रोटिनेज. कारण प्रत्येकाच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो आणि कापायचं काम तिथेच होतं. शास्त्रज्ञ त्यांना सोयीसाठी आकड्यांनी ओळखतात: एमएमपी-१, एमएमपी-२, एमएमपी-९, एमएमपी-१२.

ही विकरं घातक नाहीत. ती नसती तर गर्भाशय बाळंतपणानंतर पूर्ववत झालं नसतं, मुलांची हाडं वाढली नसती, जखमेवरची जुनी खपली आणि खालचं नवं कातडं यांचा हिशेब लागला नसता. शिवणाऱ्याला सुईबरोबर कात्रीही लागतेच. म्हणून शरीर ती कात्री म्यानात घालून बाहेर पाठवतं. पेशीतून निघताना विकर निष्क्रिय असतं. त्याचा एक तुकडा कापला गेला की मगच ते काम करू लागतं. शिवाय त्याला आवर घालणारी चार रोधक प्रथिनं आजूबाजूला असतातच. जेवढं कापलं तेवढं नवं विणलं, असा हिशेब जुळत राहतो.

मामूंच्या महाधमनीत हा हिशेब बिघडलेला आहे. भिंतीत सूज येते, सुजेबरोबर रक्तातल्या भक्षक पेशी आत शिरतात आणि एमएमपी-९, एमएमपी-१२ सोडतात. एमएमपी-२ भिंतीच्या स्वतःच्या पेशींकडूनच येतं. तिघांचाही रोख इलॅस्टिनवर. आणि इथे एक दुष्टचक्र आहे. इलॅस्टिनचे तुटलेले तुकडे हेच नव्या भक्षक पेशींना बोलावणं धाडतात. त्या येतात, आणखी इलॅस्टिन कापतात, आणखी तुकडे, आणखी बोलावणी.

पॅरिसमध्ये १९९० साली संशोधकांनी उंदरांच्या पोटातल्या महाधमनीत डुकराच्या स्वादुपिंडातलं इलॅस्टेज हे विकर सोडलं, आणि फुगवटा तयार झाला. त्याआधी १९८४ साली फिलिप डॉब्रिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कापून काढलेल्या धमन्यांवर एक प्रयोग केला होता, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. काही धमन्यांना त्यांनी इलॅस्टिन कापणारं विकर लावलं: त्या फुगल्या, पण फुटल्या नाहीत. काहींना कोलॅजेन कापणारं विकर लावलं: त्या फुटल्या. म्हणजे आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. इलॅस्टिन गेलं की भिंत फुगते. मग सगळा भार कोलॅजेनवर येतो. कोलॅजेन हरलं की खेळ संपला. नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त, हेही त्यात आलंच. फुगा सुरुवातीला जोर लावून फुगवावा लागतो आणि मग सोपा होत जातो, तसं.

मुमानी आतापर्यंत दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना मी ईदच्या कबाबाची आठवण दिली. खिमा नाहीतर पसंदे मऊ व्हावेत म्हणून आपण कच्ची पपई वाटून लावतो ना? त्या पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातली प्रथिनं कापतं. फार वेळ ठेवलं तर मटणाचा लगदा होतो. १९६०च्या दशकात संशोधकांनी हेच पपेन उंदरांच्या फुप्फुसांत सोडून पाहिलं, तर फुप्फुसांमधलं लवचीक जाळं विरघळलं आणि जन्मभर विड्या ओढणाऱ्या माणसासारखी त्यांची अवस्था झाली.

मामू हसले. “मतलब मेरे पेट में पपीता लगा हुआ है.”

मी म्हणालो, हो, आणि ते लावायचं काम बीडी करते.

हे मी त्यांना घाबरवायला म्हटलं नव्हतं. पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्याची जी कारणं माहीत आहेत, त्यांत तंबाखूच्या धुराइतकं जबर दुसरं कुठलंच नाही. धूर दोन बाजूंनी काम करतो. एकीकडे तो भिंतीत सूज वाढवतो, म्हणजे कात्र्या वाढतात. दुसरीकडे आपल्या रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचं एक प्रथिन असतं, ते इलॅस्टेजला आवर घालतं. धुरातली द्रव्यं नेमकं तेच निकामी करतात. हे प्रथिन जन्मतः कमी असलेल्या माणसांची फुप्फुसं तरुणपणीच खराब होतात, हे स्वीडनमध्ये १९६३ साली लक्षात आलं होतं. कात्री वाढली आणि म्यान गेलं, अशी दुहेरी मार. आणि बीडी सोडली तर फुगवटा आकसत नाही, पण त्याची वाढ मंदावते. हे मी तीनदा सांगितलं, कारण ‘अब छोड़ के क्या फायदा’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर आहे असं मला दिसत होतं.

पुढचा आठवडा घरात वादाचा गेला. मामेभावाचं म्हणणं, ऑपरेशन लगेच करू, फुटायची वाट कशाला बघायची? त्याने दोन साचे विकायला काढले होते, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. जांघेतल्या धमनीतून कापडी नळी आत सरकवून फुगवट्यात बसवतात, पोट उघडावं लागत नाही, असं त्याने कुठेतरी पाहिलं होतं. ते खरंच आहे. ब्युनोस आयर्समध्ये खुआन पारोदी यांनी १९९० साली पोटातल्या महाधमनीसाठी ते प्रथम केलं, आणि आज ते सर्रास होतं. त्याचा खर्च काही लाखांत जातो. चारांतले दोन साचे गेले असते म्हणजे घरातली निम्मी कमाई गेली असती.

आम्ही नाशिकला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, पोटावर हात ठेवून ठोके बघितले आणि म्हणाले, आत्ता काही करायचं नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, रक्तदाब ताब्यात, कोलेस्टेरॉलची गोळी, बीडी बंद. ५.५ सेंटीमीटरला पोचलं किंवा झपाट्याने वाढू लागलं, तर ऑपरेशन.

मामेभावाला हे पटेना. डॉक्टर टाळतायत असंच त्याला वाटलं. मग मी १९९८ साली ब्रिटनमध्ये पूर्ण झालेल्या एका चाचणीबद्दल वाचून काढलं आणि त्याला सांगितलं. ४ ते ५.५ सेंटीमीटर फुगवटा असलेल्या १०९० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाचं ऑपरेशन लगेच, दुसऱ्यावर फक्त नजर. काही वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. म्हणजे या मापाला ऑपरेशनचा धोका आणि फुटण्याचा धोका एकमेकांना फेडून टाकतात. वाट बघणं हाही उपचार आहे, हे मामेभावाला पटायला वेळ लागला, पण साचे विकले गेले नाहीत.

मामूंचा प्रश्न वेगळा होता. विकर कापतंय हे कळलं आहे, कोणतं विकर हेही कळलं आहे. “तो दवा क्यों नहीं देते?”

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर जवळजवळ हातात आलं होतं. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त अँटिबायोटिक जंतूंना आवर घालतंच, पण त्याशिवाय एमएमपींनाही रोखतं. हिरड्यांच्या आजारात त्याची जंतू मरणार नाहीत इतकी छोटी मात्रा याच कामासाठी वापरली जाते. उंदरांमध्ये त्याने फुगवटा होऊ दिला नाही. जन्मतः एमएमपी-९ नसलेल्या उंदरांनाही फुगवट्यापासून संरक्षण मिळालं. सगळे धागे एकाच ठिकाणी येत होते. मग माणसांवर चाचण्या झाल्या. नेदरलँड्समधल्या चाचणीचा निकाल २०१३ साली आला: गोळी घेणाऱ्यांचा फुगवटा कमी वाढला नाही, उलट किंचित जास्तच वाढला. अमेरिकेत अडीचशेहून अधिक रुग्णांना दोन वर्षं गोळी किंवा तिच्यासारखीच दिसणारी पोकळ गोळी दिली. २०२० साली निकाल आला. दोन्ही गटांची वाढ सारखीच.

असं का झालं असावं? उंदरात फुगवटा काही दिवसांत घडवलेला असतो आणि औषध पहिल्या दिवसापासून असतं. माणसाचा फुगवटा सापडतो तेव्हा इलॅस्टिन कधीच संपलेलं असतं. कात्री आता काढून घेतली तरी कापलेलं कापड परत विणलं जात नाही. मला हे पटतं, पण ते सांगताना मामूंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. उंदराला मिळालेलं औषध आपल्याला मिळत नाही, हे एखाद्या माणसाला समजावणं सोपं नाही. ते एवढंच म्हणाले, “चूहे की किस्मत अच्छी.”

मी त्यांना आइन्स्टाइनची गोष्ट सांगितली. नाव त्यांना माहीत होतं. १९४८ च्या अखेरीस आइन्स्टाइनच्या पोटात हाच फुगवटा सापडला, चांगल्या मोठ्या संत्र्याएवढा. तेव्हा धमनी बदलण्याची सोय नव्हती. रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्याच्यावर सेलोफेन गुंडाळलं. मिठाईच्या डब्यावर असतं तसला पारदर्शक कागद. निसेन ज्यू होते, हिटलर आल्यावर जर्मनी सोडून आधी इस्तंबूलला गेले, तिथे काही वर्षं शस्त्रक्रिया शिकवली आणि मग अमेरिकेत पोचले. सेलोफेनने काय व्हायचं? शरीराला ते परकं वाटतं, त्याभोवती जखमेसारखा व्रण धरतो, आणि व्रण म्हणजे कोलॅजेन. आतून कापलं जातंय तर बाहेरून नवं विणून घ्यायचं, अशी ती युक्ती. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून जास्त जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला. तोवर धमनी बदलण्याचं ऑपरेशन होऊ लागलं होतं, पण त्यांनी नकार दिला, आणि १८ एप्रिलला ७६ व्या वर्षी ते गेले. पाइप ते आयुष्यभर ओढत होते. मामूंनी यातली नेमकी शेवटची गोष्ट लक्षात ठेवली आणि मुमानींना सांगितली, “इतना बड़ा साइंटिस्ट भी पीता था.” गोष्ट सांगण्याचा उद्देश तिथेच बारगळला.

वाचता वाचता आणखी एक विकर भेटलं. ते कापत नाही, टाका घालतं. लायसिल ऑक्सिडेज त्याचं नाव. इलॅस्टिन आणि कोलॅजेनचे धागे नुसते शेजारी शेजारी ठेवून भागत नाही, ते एकमेकांना बांधावे लागतात. ही गाठ हे विकर मारतं, आणि त्याला त्यासाठी तांबं लागतं. इग्नासिओ पोन्सेटी हे नाव आपल्याकडे वाकड्या पायांच्या बाळांच्या प्लॅस्टरमुळे अनेकांना माहीत आहे. त्याच पोन्सेटींनी १९५२ साली उंदरांना स्वीट पी या फुलझाडाच्या बिया खाऊ घालून पाहिल्या. उंदरांचे कणे वाकले आणि महाधमन्यांचे थर सुटून त्या फाटल्या. त्या बियांमधलं द्रव्य नेमकं या गाठ मारणाऱ्या विकराला अडवतं, हे पुढे कळलं. हे झाड आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीचं नात्यातलं, पण लाखोळीने पाय लुळे पडतात ते दुसऱ्याच द्रव्यामुळे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

हे टाक्याचं प्रकरण मला पुस्तकी वाटलं होतं, पण पावसाळ्यात ते घरात आलं. मामूंना जुलाब लागले. गल्लीतल्या दवाखान्यात नेहमीप्रमाणे गोळ्या मिळाल्या, त्यात एक ऑफ्लॉक्सासिन. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही एकाच कुटुंबातली अँटिबायोटिक्स. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सूचना काढली की महाधमनीचा फुगवटा असलेल्या, किंवा त्याचा धोका असलेल्या रुग्णांना ही औषधं दुसरा पर्याय असेल तर देऊ नयेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या कुटुंबातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनने कापणारी विकरं वाढली आणि गाठ मारणारं विकर कमी झालं. माणसांमध्ये हा संबंध किती घट्ट आहे यावर अजून वाद चालू आहे. पण वाद मिटेपर्यंत मामूंनी जुलाबासाठी ती गोळी का घ्यावी? मी नाशिकच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसरी दिली. आता मामूंच्या खिशात एक चिठ्ठी असते. एका बाजूला लिहिलंय ‘महाधमनीचा फुगवटा आहे’, दुसऱ्या बाजूला त्या तीन औषधांची नावं. कुठल्याही दवाखान्यात ती आधी दाखवायची, असा मुमानींचा हुकूम आहे.

एक गंमत मुमानींच्या बाबतीतही निघाली. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह. मधुमेह असला की धमन्यांचे बहुतेक सगळे आजार वाढतात, पण हा एक फुगवटा मात्र मधुमेही लोकांत कमी आढळतो. रक्तातली साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटून त्यांना ताठ करते आणि मग विकरांना ते कापायला जड जातात, असं एक स्पष्टीकरण आहे. मेटफॉर्मिन या गोळीचा त्यात हात असावा असाही अंदाज आहे, म्हणून मधुमेह नसलेल्या रुग्णांना ती देऊन पाहण्याच्या चाचण्या हाती घेतल्या आहेत. हे ऐकल्यावर मामूंनी मुमानींच्या डब्यातल्या गोळ्यांकडे पाहिलं. मी लगेच सांगितलं, अजून नाही. आणि साखर वाढवायची तर मुळीच नाही.

घरात आणखी एकाचं नाव मनात होतं. हा फुगवटा बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त होतो, साठीनंतर वाढतो, आणि सख्ख्या भावाला असेल तर आपल्याला असण्याची शक्यता वाढते. धाकटे मामू ६६ वर्षांचे. तोच धंदा, तीच बीडी. ब्रिटनमध्ये प्रत्येक पुरुषाला ६५ व्या वर्षी या सोनोग्राफीचं बोलावणं येतं. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी ती एकदा करावी असा सल्ला आहे. आपल्याकडे असं बोलावणं कुणी पाठवत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत साच्यांवर उभं राहून आयुष्य काढलेले, लहानपणापासून बीडी ओढणारे किती म्हातारे असतील? त्यांच्यापैकी कितीजण झोपेत किंवा नमाजला जाता जाता पोटात कळ येऊन पडले आणि आपण ‘हार्टफेल’ म्हणून त्यांना मातीत नेऊन ठेवलं? हे मोजलेलं नाही. सोनोग्राफी सुईशिवाय होते, दहा मिनिटांत होते. घरात साठी ओलांडलेला, ओढणारा किंवा पूर्वी ओढत असलेला पुरुष असेल, तर पोटाच्या कुठल्याही सोनोग्राफीच्या वेळी ‘महाधमनीचं मापही लिहा’ एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. आणि रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, किंवा कुणाकडून तरी वाचून घ्यावा.

धाकटे मामू महिनाभर टाळत राहिले. बीमारी ढूंढने कायको जाना, हे त्यांचं म्हणणं. शेवटी एका शुक्रवारी, साचे बंद असतात त्या दिवशी, मोठ्या मामूंनीच त्यांना हाताला धरून नेलं. माप आलं २.२. बाहेर आल्यावर त्यांनी आनंदाने बीडी पेटवली, आणि मोठ्या मामूंनी ती त्यांच्या तोंडातून काढून गटारात टाकली.

स्वतः मामू दिवसाला दोन बंडलांवरून दोन विड्यांवर आले आहेत. या दोन सुटत नाहीत. एक सकाळी, एक साचे बंद केल्यावर. कांड्यांची गोणी आता मामेभाव आणतो. सहा महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीत व्यास ४.७ आला. डॉक्टर म्हणाले, इतकी वाढ म्हणजे मापातल्या चुकीएवढीच, चांगलं आहे. मामूंनी ४.७ हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे, साच्यांच्या हप्त्यांच्या तारखांच्या बाजूला. पुढची तारीख मार्चमध्ये आहे.